होडीचं चित्र असलेली केशराची डबी

केज, जि. बीड
बुधवार, २० ऑगस्ट २०२५
सकाळी सहा वाजून दहा मिनिटं

चि. चन्नप्पास अक्काचा शरणार्थ आणि आशीर्वाद (आशीर्वाद तूर्त राखून ठेवले आहेत, ते तुझ्या उत्तरावर अवलंबून राहतील).

सोमवार, दिनांक १८ ऑगस्ट रोजी, म्हणजे श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, आपल्या मठाच्या स्वयंपाकघरात, माझी अब्रू गेली. तक्रार लिहिताना आधी तारीख, मग वेळ, मग ठिकाण आणि रडणं सगळ्यांत शेवटी, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टांनी आम्हाला शिकवलं होतं. पुढे छत्तीस वर्षं पोस्टात लोकांचे तक्रारअर्ज वाचले तेव्हा कळलं की बहुतेक माणसं रडण्यापासून सुरुवात करतात आणि तारीख टाकायचीच विसरतात. मी विसरलेली नाही. घड्याळ भिंतीवर होतं आणि मी त्याच्याकडेच बघत होते, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय उरली नव्हती.

तुझी तब्येत कशी आहे? बीपीच्या गोळ्या वेळेवर घेतोस ना? सौ. शिवकन्याची दाढ काढली का? तिला माझे आशीर्वाद सांग (तिचे राखून ठेवलेले नाहीत). माझं विचारशील तर डावा गुडघा पायरी चढू देत नाही आणि उजवा उतरू देत नाही. परवापासून एका जागी बसवत नाही. हे पत्र लिहायला बसल्यापासून चार वेळा उठून स्वयंपाकघरातला तो खिळा बघून आले. रिकामा आहे. कोणता खिळा, ते पुढे कळेलच.

आता मुद्द्यावर येते. गेल्या दिवाळीआधी तू आणि शिवकन्या काश्मीरला गेलात. येताना लातूरला घरी जायच्या आधी वाट वाकडी करून इथे उतरलास, आणि झाकणावर तळं अन् तळ्यात होडी असं चित्र असलेली एक पत्र्याची डबी माझ्या हातात ठेवून म्हणालास, ‘अक्का, पुढच्या श्रावणातल्या दासोहाला खिरीत घाल. आपल्याकडून मठाला.’ (दासोहाच्या, म्हणजे मठातल्या अन्नदानाच्या, दिवशी दीडशे-दोनशे पानं उठतात आणि अकरा वर्षं शेवयांची खीर मी करते, हे तुला माहीत आहेच. तुझ्या शेजाऱ्यांनी पत्र चोरून वाचलं तर त्यांनाही कळावं म्हणून लिहिलं.) मी डबी ठेवली. एवढ्यावर तू गप्प बसला असतास तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण तू मठाच्या समितीला फोन केलास. त्यांनी फळ्यावर खडूने लिहिलं: ‘दासोहासाठी अस्सल काश्मिरी केशर, श्री. चन्नप्पा, निवृत्त कृषी अधिकारी, लातूर यांजकडून.’ त्यातला ‘अस्सल’ हा शब्द तूच सांगितलास, असं अध्यक्ष रुद्रेश म्हणतो. फळा दहा महिने कोणी पुसला नाही.

तर सोमवारी आम्ही पहाटेपासून चुलीपाशी होतो. दूध आटत आलं होतं, शेवया तुपावर भाजून झाल्या होत्या, वेलची पडली होती. आपल्याकडे रीत अशी की केशर आधी वाटीभर कोमट दुधात भिजवायचं, ती वाटी ताटात ठेवून सगळ्या बायकांसमोरून फिरवायची, प्रत्येकीने हात जोडायचे आणि मग ते दूध खिरीत ओतायचं. ही रीत कोणी काढली मला माहीत नाही. ज्याने काढली त्याला माझ्यासमोर आणा. वाटी गुपचूप ओतली असती तर सगळे जेवून घरी गेले असते.

वाटी फिरत होती. वर्षाराणीने आधी मोबाइलवर तिचा फोटो काढला. (ही समितीची नवी चिटणीस. पुण्यात तीन महिन्यांचा केटरिंगचा कोर्स करून आली आहे आणि तेव्हापासून मिठालासुद्धा ‘इन्ग्रेडिएंट’ म्हणते. खिरीला पुडीतला पिवळा रंग घालावा, ‘कन्सिस्टंट’ येतो, असं तिने मागच्या वर्षी सुचवलं होतं. मी तिला विचारलं होतं, भिंतीला देतात तोच की वेगळा?) मग वाटी भिवराबाईपुढे गेली. भिवराबाई तुला आठवत असेल, वस्तीवरून डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला येते ती. दर दासोहाला ती सकाळी खोबरं किसायला येते आणि दुपारी पंगतीला बसते. या वेळी सहा महिन्यांची नातही कडेवर होती. त्या पोरीने सरळ वाटीत हात घातला आणि मूठभर केशर बाहेर काढलं. भिवराबाईने मूठ उघडली. भिजून फुगलेली एक काडी बोटावर घेतली, डोळ्यांजवळ नेली, आणि शेतात या बांधावरून त्या बांधाला हाक मारतात त्या आवाजात म्हणाली,

‘अवो बाई, ही तर करडई हाय!’

चन्नप्पा, त्या क्षणी घड्याळात बारा चाळीस झाले होते.

ती आणखी काहीतरी बोलणार होती. मी म्हटलं, ‘भिवराबाई, पोरीला घेऊन तू आधी पंगतीला बस.’ ती म्हणाली, ‘कावून वो बाई? मी काय खोटं बोलाय लागले का? जलम गेला करडई काढन्यात, हाताला फडकी बांधून बी काटं घुसत्यात, अन् मला तिचं फूल वळखू यायचं न्हाई?’ सगळ्या बायका हसल्या. मी हसले नाही. मी म्हटलं, हे काश्मीरचं केशर आहे, माझ्या भावाने स्वतः आणलंय आणि माझा भाऊ शेतकी खात्यात होता. यावर वर्षाराणी म्हणाली, ‘हो ना मावशी, फळ्यावर आहेच की, अस्सल.’

मग परीक्षा सुरू झाली. बाहेर लोक पानांवर बसलेले, भात वाढून झालेला, आणि आत समिती केशर तपासतेय! वर्षाराणीने मोबाइलवर व्हिडिओ लावला, कोणीतरी हिंदीत सांगत होता. गार पाण्यात टाका. टाकलं. खरं केशर हळूहळू रंग सोडतं म्हणे. आपलं पाणी लगेच पिवळंधमक. कागदावर घासा. घासलं. वास घ्या. रुद्रेशने घेतला आणि म्हणाला, वेलचीचा येतोय. (मला वास आधीच का आला नाही, असं तू विचारशील. मला सर्दी होती. पंचमीपासून आहे.) शेवटी मी घरून माझं भिंग मागवलं, पोस्टात पुसट शिक्के वाचायला वापरायचे तेच. त्या भिंगाने मी छत्तीस वर्षं न वाचता येणारी गावं वाचली. या वेळी मला जे दिसलं ते न दिसतं तर बरं झालं असतं. प्रत्येक काडी म्हणजे एक बारीक नळी आणि नळीच्या टोकाला पाच फाटे. केशराच्या काडीला असे पाच फाटे नसतात, हे मला तुझ्यामुळेच माहीत आहे. लातूरला तुझ्या बैठकीच्या खोलीत तो तक्ता टांगलेला आहे ना, ‘करडईचे फूल: भाग व कार्य’, त्यात हेच चित्र आहे. त्या तक्त्याखाली बसून मी पंचवीस वर्षं चहा घेतला आहे.

(इथे उठून खिळा बघून आले. अजून रिकामाच. रस्त्यापर्यंतही जाऊन आले. अंबाजोगाईची एसटी लागली होती. चढावंसं वाटलं, पण अंबाजोगाईत माझं काय काम?)

म्हणजे बघ. एकतीस वर्षं तू तेलबियांवर भाषणं केलीस. कड्यापासून सिरसाळ्यापर्यंत एक गाव सोडलं नाहीस. झाडाखाली, देवळात, ग्रामपंचायतीत, लोकांना करडई पेरा, करडई पेरा म्हणत हिंडलास. आणि तूच दोन हजार किलोमीटर लांब जाऊन, स्वेटर घालून, होडीत बसून, करडई विकत आणलीस! आपल्या बांधावरची करडई, काट्यांमुळे जिच्या वाटेला जनावर जात नाही, ती तुला पत्र्याच्या डबीत ओळखू आली नाही? तिने स्वेटर घातला होता का? दुकानदाराने काय सांगितलं ते मला शब्दशः हवंय. पावती दिली होती का? तू मागितलीस का? की शिवकन्या शाली बघत होती म्हणून तू घाईत होतास?

आता माझ्याकडून काय घडलं तेही लिहिते, कारण सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या की तक्रारीत स्वतःची चूक लपवली तर वाचणाऱ्याला तीच आधी दिसते. भिंग डोळ्याला लावायच्या आधीच, म्हणजे ते पाच फाटे दिसायच्या जेमतेम दोन मिनिटं आधी, मी सगळ्यांसमोर म्हणून बसले होते, ‘हे केशर नसेल तर मी ओगराळं खाली ठेवीन.’ ओगराळं म्हणजे खिरीचं ते पितळी, लांब दांड्याचं. जी खीर करते तिच्या घरी ते वर्षभर राहतं, हीच मठाची नेमणूक. दुसरं पत्र नाही, शिक्का नाही. अकरा वर्षं ते माझ्या स्वयंपाकघरात त्या खिळ्याला टांगलेलं असे. दर सोमवारी मी ते चिंचेने घासायचे. रिटायर झाले तेव्हा पोस्टाने मला एक शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यानंतर मला कोणी काही करायला सांगितलं असेल तर ते या ओगराळ्यानेच. घरात दुसरं माणूस नाही हे तुला माहीत आहे. सकाळी उठून कोणासाठी तरी काहीतरी चकचकीत ठेवायचं असतं.

मी ते खाली ठेवलं. खरोखर ठेवलं, चुलीशेजारी, फरशीवर. वाटलं होतं कोणीतरी म्हणेल, अहो असं काय करता, उचला. रुद्रेशने उचललं, पुसलं आणि समितीच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. म्हणाला, ‘मावशी, तुमी मोठ्या आहात, तुमचा शब्द आमी खाली कसा पडू देणार?’ असा आज्ञाधारकपणा मी जन्मात पाहिला नव्हता. खीर पांढरीच वाढली गेली. लोकांनी दोन दोन वेळा मागून घेतली, हे नोंदीसाठी लिहिते.

शनिवारी ३० ऑगस्टला सकाळी अकरा वाजता समितीची बैठक आहे. ‘दासोहातील केशराबाबत’ असा विषय आहे. डबीत भेसळ कुठे झाली आणि कोणी केली याचा लेखी खुलासा मी द्यायचा. खुलासा पटला तर ओगराळं परत. नाही पटला तर वर्षाराणी. आणि वर्षाराणी म्हणजे पुढच्या श्रावणात पुडीतला रंग. देवापुढे, जंगमांपुढे, दीडशे पानांवर कन्सिस्टंट पिवळी खीर. मी ती खाऊन मरणार नाही, पण जगेन असंही नाही.

म्हणून तू ताबडतोब, स्वतःच्या हाताने, खालील मजकूर लिहून पाठव: ‘सदर डबी मी काश्मीरमध्ये केशर समजून खरेदी केली. त्यात करडईच्या पाकळ्या निघाल्या. माझी फसवणूक झाली. यात माझ्या भगिनीचा काडीचाही दोष नाही.’ खाली सही, आणि सहीखाली ‘निवृत्त कृषी अधिकारी’ हे पूर्ण लिही. ते नसेल तर पत्राला वजन राहत नाही. (पत्र मी रजिस्टरने पाठवते आहे. रजिस्टर टपाल बंद होणार म्हणतात. त्याआधी तुझ्याकडून एकदा पोचपावती घ्यायची माझी इच्छा होती.)

कळावे. प्रकृतीस जप. लोणच्याची बरणी रिकामी झाली असेल तर परत पाठव.

तुझी,
अक्का
(शिवकांता, निवृत्त पोस्टमास्तर, केज)

ता. क. — पाकीट चिकटवलं होतं, वाफेवर धरून उघडलं. (पोस्टातली विद्या. पोस्टात असताना कधी वापरली नाही.) सकाळपासून घरात फेऱ्या मारते आहे. कॉन्व्हेंटमध्ये ख्रिस्ती मुली शनिवारी फादरांकडे कबुली द्यायला आत जायच्या आणि आम्ही बाकीच्या बाहेर बाकावर बसून एकमेकींच्या वेण्या घालायचो. आतून बाहेर आलेल्या मुली पळत खेळायला जायच्या आणि आम्ही मात्र तशाच बसून असायचो. हे आज कशाला आठवलं कोण जाणे. तर ऐक. तू आणलेलं केशर खरं होतं.

मोठ्याने ओरडू नकोस, शिवकन्या झोपली असेल.

गेल्या वर्षी कार्तिकात भिवराबाई दारात पाटी टेकवून बराच वेळ उभी राहिली. मेथी देऊन झाली तरी हलेना. मग म्हणाली, ‘बाई, केशर मन्त्यात ते लई महाग असतंय का वो?’ तिची सून दीपमाला सहा महिन्यांची गरोदर होती आणि आठ दिवसांनी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघणार होती. मालिकेत गरोदर सुना चांदीच्या पेल्यात केशराचं दूध पितात, ते बघून तिला डोहाळा लागला होता. भिवराबाई म्हणाली, ‘दुसरं काय बी मागंना. चिच मागितली असती तर झाडच हानून दिलं असतं.’ मी चिमूटभर द्यायला म्हणून डबी काढली. मग विचार केला, सहा महिन्यांचं पोट घेऊन ती मुलगी थंडीत पालात राहणार, मोळ्या उचलणार, आणि एक चिमूट केशर एका रात्रीत संपणार. सगळी डबी दिली. म्हटलं, रोज दोन काड्या, दूध कोमट असू दे, आणि डबी तेवढी परत आण, झाकणावरचं चित्र चांगलं आहे. मूल गोरं होतं वगैरे मी मानत नाही, हे तिला तिथेच सांगितलं. ती म्हणाली, ‘गोरं कशाला? उनात काळंच व्हनार हाय की.’

तेव्हा श्रावण नऊ महिने लांब होता. वाटलं, तोवर दुसरं आणू.

चैत्रात मी गुडघा दाखवायला दवाखान्यात गेले असताना भिवराबाई डबी शेजारी ठेवून गेली. घरी आणून उघडली तर लाल काड्यांनी काठोकाठ भरलेली! मला वाटलं, बाईने वापरलंच नाही, जसंच्या तसं परत केलं. मला राग आला. इतका मानीपणा? दोन महिने मी तिच्याकडून भाजी घेतली नाही. कारण सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. आणि सोमवारी तीच डबी खिरीसाठी उघडली. विश्वासाने, चन्नप्पा. सर्दी होती हे खरं आहे.

सोमवारी संध्याकाळी भिवराबाई दारात आली. कडेवर पोरगी. म्हणाली, ‘बाई, मी तवाच सांगनार व्हते, तुमी बोलूच दिलं न्हाई. सूनबाईनं समदं पिलं, डबी चाटून फुसून. आता रिकामी डबी माघारी कशी द्यायची वो? भांडं रिकामं देत असत्यात का कुठं? मनून आमच्या रानातल्या करडईच्या पाकळ्या वाळवून भरल्या. गुडघ्याला चांगल्या असत्यात. चात टाकायच्या व्हत्या तुमी, खिरीत कावून टाकल्या?’

रिकामं भांडं परत करू नये, हे मीच सगळ्यांना शिकवत आले आहे. (तुझी बरणी आठव.)

आणखी एक ता. क. — तू म्हणशील, मग समितीला खरंच सांग की. भिवराबाईही तेच म्हणाली. ‘चला, मी येते संगट, समद्याम्होरं सांगते.’ मी तिला म्हटलं, तोंड उघडलंस तर माझ्या दारात पाटी टेकवू नकोस. विचार कर. मठाचं केशर मी दिलं, हे कळलं तर मला चार दिवस बोलतील आणि ओगराळं जाईल. पण तिला? मठाचं केशर सुनेला पाजलं, असं त्या बाईच्या मागे पंगतीत कुजबुजतील. वर्षाराणी कुजबुजणारही नाही, ग्रुपवर टाकेल. पुढच्या दासोहाला भिवराबाई खोबरं किसायला येईल आणि पंगतीला न बसता घरी जाईल. ती मानी आहे. माझा तो अंदाज चुकला नव्हता, फक्त डबीतल्या चुकीच्या काड्यांवरून काढला होता.

म्हणून तुझी फसवणूक होणं आवश्यक आहे. पुरुषमाणूस सहलीला गेला आणि फसला, याने कोणाच्याही भुवया उंचावत नाहीत. करडईचा साहेब करडईलाच फसला म्हणून लातूरला तुझे मित्र वर्षभर हसतील, मला कल्पना आहे. हसू दे. तुझी पेन्शन हसण्याने थांबत नाही. लहानपणी शाईची दौत तू सांडलीस आणि अण्णांचा मार मी खाल्ला, ती गोष्ट मी अठ्ठावन्न वर्षांत एकदाही काढली नाही. आज काढते आहे.

आणि तू मठाला दिलेलं देणं बुडालं, असं मनाला लावून घेऊ नकोस. पोरगी सव्वातीन किलोंची झाली, उसाच्या फडाशेजारी, धडधाकट. रंग तव्याचा, मूठ लोहाराची. सोमवारी त्या वाटीत पहिला हात तिनेच घातला. तुझं केशर मठात पोचलं, चन्नप्पा. फक्त डबीतून न येता कडेवर बसून आलं.

शेवटचा ता. क. — वरच्या दोन ता. क. वाचून झाल्यावर पत्राचा तेवढा भाग फाडून चुलीत घाल. (गॅस असेल तर आधी बारीक कर.) पहिला भाग जपून ठेव, समितीने मागितला तर दाखवता येईल, त्यात तुझ्यावरचा राग मी मन लावून लिहिला आहे. तुझा लेखी खुलासा, पूर्ण सहीसह, माझ्या हातात शुक्रवार २९ ऑगस्ट, संध्याकाळी पाचच्या आत पडला पाहिजे. फोन चालणार नाही. व्हॉट्सॲपवर अंगठा चालणार नाही. पाच वाजून एक मिनिटाने आलेलं पत्र मी न उघडता परत पाठवीन, आणि तुला राखून ठेवलेले आशीर्वाद त्या पोरीच्या नावे वर्ग करीन.

खिळा पुसून ठेवला आहे.